बोर्डिंग, निलय, पीजी

गेल्या जूनमध्ये मी भाचीला घेऊन एचएसआर लेआउटमध्ये खोली शोधत हिंडत होतो. तिला तिथून जवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी पंचवीस वर्षे बंगळुरात आहे, पण राहतो येलहंक्याला, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. मामाचे घर असून उपयोग नव्हता, कारण जाण्यायेण्यातच तिचे रोजचे चार तास गेले असते.

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बंगळूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे बीडीएने, १९८० च्या दशकात अगरा तळ्याच्या दक्षिणेला ही वसाहत आखली. सात सेक्टर, आखीव मेन आणि क्रॉस, मधूनमधून उद्याने. सोमसुंदरपाळ्य, परंगीपाळ्य, मंगम्मनपाळ्य ही जुनी गावे तिच्या कडेला आणि पोटात राहून गेली. आता या गावांच्या गल्ल्यांत चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि निम्म्या इमारतींवर एकच पाटी दिसते : पीजी. खाली कंसात फोर शेअरिंग, थ्री शेअरिंग, टू शेअरिंग. आम्ही दिवसभरात नऊ जागा पाहिल्या. शेवटी जी ठरली तिथे तीन जणींच्या खोलीतल्या एका कॉटचे महिना अकरा हजार, दोन महिन्यांचे डिपॉझिट, आणि सोडताना त्यातला एक महिना ‘मेंटेनन्स’ म्हणून कापला जाणार. तीन कॉट, तीन कपाटे, खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

मालकीणबाईंनी एक फॉर्म पुढे केला. नाव, आधार क्रमांक, पालकांचा फोन, कॉलेज. भाची भरत होती आणि मी सवयीने एक रकाना शोधत होतो. तो नव्हता. जात कोणी विचारलीच नाही. बाईंना फक्त पाच तारखेच्या आत भाडे हवे होते.

मला वडिलांची आठवण झाली. ते गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यातून पन्नासच्या दशकात कोल्हापूरला शिकायला गेले. आमचे घर लिंगायत. घरात कन्नड, शाळेत मराठी. कोल्हापुरात दसरा चौकात लिंगायत बोर्डिंग होते, तिथे त्यांना जागा मिळाली. एक लोखंडी ट्रंक, एक सतरंजी, दोन वेळचे जेवण. ते म्हणत, “आमच्या वेळी पैशाचा प्रश्न शेवटी यायचा. पहिला प्रश्न तू कोणाचा, हा.” त्यांना तो प्रश्न सोपा गेला. त्यांच्याच वर्गातला, त्यांच्याच गावचा एक मुलगा त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेला होता. गणितात वडिलांहून हुशार. त्याच्या मोजक्या घरांच्या समाजाचे बोर्डिंग नव्हते आणि सर्वांसाठी खुल्या वसतिगृहातल्या जागा भरल्या होत्या. काही महिने तो एका दुकानाच्या फळीवर झोपला, मग गावी परतला. वडिलांनी हे मला एकदाच सांगितले, तेही त्यांच्या शेवटच्या आजारपणात.

पीजीच्या जिन्यावरून उतरताना हे दोन फॉर्म माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसले. एक जात विचारणारा आणि जवळजवळ फुकट. दुसरा जात न विचारणारा आणि महिना अकरा हजारांचा. परक्या शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींना आपल्याकडे कोणी, कशाच्या जोरावर आणि कोणत्या अटीवर छप्पर दिले, याचा शोध मी तेव्हापासून घेत आहे.

बोर्डिंगे निघण्याआधी गरीब विद्यार्थ्याला दोनच वाटा होत्या. एक माधुकरी. दुसरी वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे जमली की आठवडा निघाला. कन्नडमध्ये याला ‘वारान्न’ म्हणतात, आणि जुन्या कन्नड आत्मचरित्रांत ते मराठीइतकेच वारंवार भेटते. झोपायला देवळाची ओवरी किंवा कोणाची तरी पडवी. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८० च्या सुमारास बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात होते, तेव्हा एका सधन कोडगी कुटुंबातल्या मुलांची शिकवणी करून त्या बदल्यात त्यांच्याकडे झोपायची सोय त्यांनी मिळवली होती. जेवायला मात्र मामाच्या घरी जावे लागे. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये गेले आणि १८८३ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडले. आज त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या शहरात त्यांना स्वतःला एका छपराखाली जेवण आणि झोप मिळाली नव्हती.

या व्यवस्थेला दयेची बाजू होती, हे खरे. पण वार मिळत तो मुख्यतः ब्राह्मण मुलाला, कारण त्याला घरात घेऊन जेवू घालण्यात पुण्य होते. कुणब्याच्या मुलाला कोण वार देणार? आणि महाराच्या मुलाला तर ओवरीवरही जागा नव्हती. विद्यार्थ्याच्या निवाऱ्याचा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे पहिल्यापासून भाड्याचा जेवढा होता, त्याहून अधिक उंबरठ्याचा होता.

पुण्यात १९०९ मध्ये दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ विद्यार्थी गृह काढले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. एकेकट्याने दारोदार फिरण्याऐवजी मुले एकत्र राहू लागली, माधुकरी संस्थेची झाली, आणि पुढे संस्थेने छापखाना घालून पायावर उभे राहायचे ठरवले. पण उंबरठ्याला खरा हात घातला तो कोल्हापुरात.

शाहू महाराजांच्या काळात, १८९६ मध्ये, कोल्हापुरात सर्व जातींसाठी एक वसतिगृह निघाले होते. नाव सर्वांचे, पण थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण मुलेच उरली. नियम बदलून उंबरठा बदलत नाही, हे महाराजांनी त्यातून ओळखले. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची बोर्डिंगे याच दशकात उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. दसरा चौकात आज उभे राहिले तरी अनेक बोर्डिंगांच्या इमारती एका नजरेत येतात. मधोमध महाराजांचा पुतळा आहे.

महाराजांनी नुसत्या इमारती बांधून दिल्या असत्या तर आज त्या चौकात व्यापारी संकुले दिसली असती. त्यांनी जागा दिल्या, आणि जागेबरोबर कायमचे उत्पन्न किंवा वार्षिक मदत लावून दिली. उरलेले त्या त्या समाजाने आपसांत वर्गणी करून भागवायचे. म्हणजे शहराच्या मध्यभागातली जमीन एकदाच बाजारातून बाहेर काढली गेली. पुढे शहर वाढले, भाव कितीही चढले, तरी त्या कॉटला त्याची झळ लागली नाही. माझ्या वडिलांना पन्नास वर्षांनंतर जी सतरंजी मिळाली, तिचे भाडे १९०० च्या दशकातच कोणीतरी भरून ठेवले होते.

हीच गोष्ट थोड्या फरकाने त्या सुमारास बंगळुरातही घडत होती. गुब्बी तोटदप्पा या लिंगायत व्यापाऱ्याने १९०३ मध्ये रेल्वे स्टेशनाजवळ धर्मछत्र बांधले, आणि त्यांच्या न्यासातून वीरशैव विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. १९०६ मध्ये वक्कलिगर संघ स्थापन झाला; खेड्यातून येणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृहे चालवणे हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. गोपालस्वामी अय्यर या ब्राह्मण कार्यकर्त्याने दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी आयुष्य वेचले. टाटांच्या विज्ञान संस्थेला म्हैसूर दरबारने तब्बल ३७१ एकर जमीन दिली, आणि ती संस्था आरंभापासून निवासी राहू शकली त्याचे कारण ही जमीन. कन्नडमध्ये वसतिगृहाला ‘विद्यार्थिनिलय’ म्हणतात. निलय म्हणजे घर. आपल्याकडेही ‘गृह’ आहेच. दोन्ही भाषांनी या जागेला घरच म्हटले. नुसती खोली म्हणून कोणी भागवले नाही.

पण घर म्हटले की घरचे कोण हेही ठरते. जमीन देणाऱ्याने किंवा वर्गणी गोळा करणाऱ्याने दारावर आपल्या समाजाची पाटी लावली. महाराजांचा हेतू वेगळा होता. जो समाज कधी शाळेपर्यंत पोचलाच नाही, त्याला आधी स्वतःचे दार हवे, हे त्यांचे गणित त्या काळात बरोबर ठरले. एरवी त्या १८९६ च्या वसतिगृहासारखी गत झाली असती. तरी त्या पाट्यांच्या मधल्या फटीत वडिलांच्या वर्गमित्रासारखी मुले पडत राहिली. ज्यांचा समाज लहान, विखुरलेला किंवा अगदी निर्धन, त्यांना राजाने जमीन देऊ केली तरी वर्गणी कोण गोळा करणार?

ही फट ज्यांनी पाहिली त्यांत एक होते भाऊराव पाटील. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत येते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात एकच बोर्डिंग उघडले. त्याला पुढे शाहू महाराजांचे नाव मिळाले, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुले एका पंगतीला. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम मुलांनीच करायचे. त्यांच्यामागे ना संस्थानाचा खजिना होता ना एखाद्या मोठ्या समाजाची वर्गणी. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगितले जाते. मी ते भाषणांत इतक्यांदा ऐकले की त्याची धार बोथट झाली होती. आता भाड्याच्या पावत्या पाहताना कळते की ती त्यागाची गोष्ट आहे तशीच हिशेबाचीही. पाटी काढून टाकली की वर्गणीही जाते, आणि ती तूट कोणाला तरी अंगावर घ्यावी लागते.

डॉ. आंबेडकरांनाही हा हिशेब ठाऊक होता. १९१७ मध्ये बडोद्यात त्यांच्याकडे परदेशी पदवी होती, नोकरी होती, भाडे देण्याची तयारी होती. खोली मात्र मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहात ओळख लपवून राहावे लागले आणि ती उघड होताच तिथून निघावे लागले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडले. पुढे मुंबई सरकारच्या साहाय्याने निघालेल्या वसतिगृहांत एक धारवाडचेही होते.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारकडे गेली. महाराष्ट्रात समाजकल्याणची वसतिगृहे आली. कर्नाटकात देवराज अरसांच्या कारकिर्दीत मागास वर्गांच्या वसतिगृहांचा पसारा वाढला. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींनी दासोहाची जुनी कल्पना घेऊन हजारो मुलांना जात न विचारता जेवू घातले, राहायला दिले. पण महाविद्यालये जितक्या झपाट्याने निघाली, तितक्या झपाट्याने खोल्या निघाल्या नाहीत. पुण्यात शिकलेल्या कोणालाही ‘कॉट बेसिस’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही, आणि मित्राच्या हॉस्टेलच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला ‘पॅरासाइट’ का म्हणतात हेही. मीही एक वर्ष पॅरासाइट होतो. रेक्टरची चाहूल लागली की गच्चीवर पळायचो.

जागा अपुरी पडली तेव्हा सरकारने रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरले; त्यातले राहण्यासाठीचे २०,०००. कर्नाटकात ‘विद्यासिरी’ सुरू झाली तेव्हा राहणे आणि जेवण मिळून महिना १५०० रुपये, वर्षाचे दहा महिने. ज्या मुलांना हे पैसे मिळतात त्यांच्यासाठी ते मोलाचे आहेत, त्यांची हेटाळणी मी करणार नाही. पण एचएसआरमधल्या माझ्या भाचीच्या एका कॉटचे अकरा हजार त्यांच्या शेजारी ठेवून पाहा. पैसा दरवर्षी द्यावा लागतो आणि दरवर्षी कमी पडतो, कारण तो अखेर जमिनीच्या भावाच्या मागे धावत असतो. दसरा चौकातली जागा एकदाच दिली गेली होती.

पाटी नसलेले आणि तरीही टिकलेले एक उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण, गरजू मुलामुलींना माफक खर्चात राहणे-जेवण, आणि त्या बदल्यात रोजचे काही काम मुलांनीच करायचे. भाऊरावांची तूट लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांनी भरून निघाली. समितीत ती कार्यकर्त्यांच्या फुकट दिलेल्या वेळाने, देणगीदारांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी भरली. योगायोग असा की त्याच १९५५ साली फ्रान्सने कायदा करून विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची राष्ट्रीय यंत्रणा उभी केली. तिथे जे काम सरकारने अंगावर घेतले, ते पुण्यात काही माणसांनी घेतले.

आता पुन्हा एचएसआरकडे येतो, कारण दसरा चौकासारखी जमीन इथेही आहे. बीडीएच्या १९७६ च्या कायद्यात पुढे अशी तरतूद आली की प्रत्येक वसाहतीत किमान १५ टक्के जागा उद्याने-मैदानांसाठी आणि त्याशिवाय किमान १० टक्के नागरी सुविधांसाठी राखायची. या दुसऱ्या प्रकारच्या भूखंडांना इथे सगळे ‘सी.ए. साइट’ म्हणतात. शाळा, दवाखाने, ग्रंथालये, सामाजिक-सांस्कृतिक संस्था यांना ते भाडेपट्ट्याने मिळतात. एचएसआरमधल्या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या पत्त्यातच ‘सी.ए. साइट नंबर २१’ असे आहे. म्हणजे महाराजांनी जे आपल्या मर्जीने केले, ते आधुनिक शहराने कायद्यात लिहून ठेवले आहे : जमिनीचा एक हिस्सा बाजाराबाहेर राहील. त्या दहा टक्क्यांत बाहेरगावच्या विद्यार्थ्याच्या कॉटला हक्काची जागा असावी आणि तिच्या दारावर कोणत्याही समाजाची पाटी नसावी, एवढेच माझे म्हणणे आहे. वसाहत आखतानाच शाळेची जागा राखतो, तशी ही राखावी. नंतर ती विकत घेणे कोणालाच परवडत नाही.

तसे झाले नाही म्हणून पीजी आले. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ज्या मुलीला कोणत्याही समाजाचे बोर्डिंग नाही तिलाही तिथे कॉट मिळते, हे थोडे नाही. वडिलांच्या वर्गमित्राला पैसे असते तर तिथे कोणी अडवले नसते. मात्र शहराने ही सोय गृहीत धरली आणि तिच्याकडे पाहिले ते फार उशिरा. २०२४ मध्ये महापालिकेने पीजीसाठी नियमावली काढली, तीत माणशी किमान ७० चौरस फूट जागा हवी असे म्हटले. आम्ही पाहिलेल्या नऊ खोल्यांपैकी किती त्यात बसल्या असत्या, हे मी मोजले नाही.

याच काळात एक विचित्र वाद बंगळुरातूनच निघाला. वसतिगृहाच्या भाड्यावर जीएसटी लागतो का? म्हणजे वसतिगृह हे घर आहे की लॉज? २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने विद्यार्थी आणि नोकरदारांना दीर्घकाळ राहायला दिलेल्या एका इमारतीबाबत ते निवासस्थानच आहे असे ठरवले. २०२३ च्या जुलैमध्ये कराबाबत आगाऊ निर्णय देणाऱ्या बंगळूरच्या प्राधिकरणाने पीजी हे निवासस्थान नव्हे, १२ टक्के कर द्या, असे सांगितले. अखेर २०२४ च्या जूनमध्ये जीएसटी परिषदेने माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचे आणि सलग ९० दिवसांचे वास्तव्य करमुक्त करण्याची शिफारस केली. ‘गृह’ आणि ‘निलय’ या शब्दांनी जो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता, तो आम्ही नव्वद दिवसांच्या हिशेबाने सोडवला.

वडील नोकरीला लागल्यापासून दर दसऱ्याला बोर्डिंगला मनीऑर्डर करत. आधी पाच रुपये, मग पन्नास, शेवटी काही हजार. “अन्नाचं देणं आहे,” एवढेच म्हणत. ते गेल्यावर ती रक्कम मी पाठवू लागलो. पीजीचे तसे काही देणे राहत नाही. पाच तारखेला हिशेब चुकता होतो आणि खोली सोडली की कोणी कोणाचे नसते. भाची उद्या कमावती झाली तर कोणाला मनीऑर्डर करील? तिच्यामागून येणाऱ्या मुलीच्या कॉटचे भाडे आधीच भरून ठेवणारे कोणी इथे तयार होत नाही. अकरा हजारांपेक्षा मला ही गोष्ट जास्त महाग वाटते.

गेल्या दसऱ्याला मी ती रक्कम दोन ठिकाणी विभागली. अर्धी दसरा चौकात, वडिलांच्या नावे. अर्धी, दारावर पाटी नसलेल्या एका वसतिगृहाला. पावती कोणाच्या नावे करायची, असे त्यांनी विचारले. वडिलांनी त्या वर्गमित्राचे फक्त पहिले नाव सांगितले होते. तेच लिहायला सांगितले.